अडसर बसलेला खांदा

लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात पूर्वी चौथ्या मंगलाष्टकाला थरथरू लागत आणि ते बघून भटजी आटोपतं घेत. अडसर नावाची सुई आल्यापासून हात थरथरायचे थांबले. त्यामुळे दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांना स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला मोकळं रान मिळालं, आणि चिपळूणकडच्या एका लग्नात तर मुहूर्त टळून गेला तरी अंतरपाट ताठ आणि मावशी सुरात होती.

सोयी मात्र पुष्कळ झाल्या. एसटीत उभ्याने प्रवास करणारा माणूस वरचा दांडा एकदा धरला की निवांत डुलकी काढी. न्हावी, दातांचे डॉक्टर, कडेवर पोर घेऊन स्वयंपाक करणाऱ्या बाया, देवळात चवऱ्या ढाळणारे, सगळ्यांनी अडसर टोचून घेतला होता. जत्रेतले पंजा लढवायचे सामने तेवढे बंद पडले. दोन्ही गड्यांचे अडसर बसले की निकालच लागेना. पंच घरी जाऊन जेवून येई, तरी दोघे एकमेकांचा हात धरून तसेच बसलेले असत, आणि तोवर त्यांची चांगली ओळखही झालेली असे.

अडसर बसायचा आपोआप, काढायला मात्र गोळी लागे. तिला सोडगोळी म्हणत. जायफळाच्या चवीची ही बारीक गोळी जिभेखाली ठेवली की जरा वेळाने धरलेला हात सुटे. लोक ती डबीत घालून खिशात बाळगत आणि हटकून घरी विसरत. मग एसटी स्टँडवर डोक्यावर ट्रंक धरून उभा राहिलेला एखादा गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला अदबीने विचारी, "सोडगोळी असेल का हो एखादी?" पूर्वी तंबाखू मागायची जी रीत होती तीच आता या गोळीला लागू झाली होती, आणि गोळीला नाही म्हणणारा माणूस कंजूष समजला जाई.

हे सगळं ज्या बाईंमुळे झालं त्या डॉ. वृंदा तोडणकर रत्नागिरीच्या एका प्रयोगशाळेत समुद्री जिवांवर काम करत. मूळच्या तिथून तासाभरावरच्या तिवरखोल गावच्या. जगाने त्यांना मानपत्रं दिली, पण तिवरखोलात त्या दत्ताराम तरीवाल्याची वृंदाच राहिल्या, म्हणून आपणही तिला वृंदाच म्हणू.

दत्ताराम तोडणकर, म्हणजे वृंदाचे अप्पा, यांनी जन्मभर खाडीवर तरी, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवली. पूल झाला तशी ती बंद पडली, अप्पा सत्तरी ओलांडून घरी बसले. वृंदा त्यांची एकुलती एक. मुलीने नेमका कसला शोध लावला हे त्यांना गावभर सांगायचं असे, पण सांगता सांगता मध्येच घोटाळा होई आणि ऐकणारा म्हणे, "म्हणजे मसाज काय?" शेवटी शिमग्याच्या आधी वृंदा सुट्टीवर आली तेव्हा त्यांनी तिला पडवीत बसवून घेतलं आणि म्हणाले, "बाय, एकदा काय ता नीट सांग. परत विचारणार नाय."

आई तिथेच तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, निवडत बसली होती. उघड्या पडलेल्या ती बाजूला टाकत होती, कारण जिवंत तिसरी घट्ट मिटलेली असते आणि मेलेली उघडते हे खाडीकाठच्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. वृंदाने टोपलीतली एक मिटलेली तिसरी उचलली.

"अप्पा, ही उघडून दाखवा."

अप्पांनी नखाने उघडायचा प्रयत्न केला. नख मोडलं. तिसरी काही उघडली नाही.

"हिच्या शिंपल्यांना मागे एक चिवट बिजागरी असते," वृंदा म्हणाली. "ती सारखी शिंपले उघडायला बघते. मिटून राहायचं तर आतल्या स्नायूने ते सारखे ओढून धरायला हवेत. दिवसरात्र."

"एवढीशी ती, आणि रातभर ओढून धरते? दमत नाय?"

"तोच तर प्रश्न होता. तुम्ही भरलेली बादली हातात धरून नुसते उभे राहिलात तरी दमता ना? बादली हलत नाही, तुम्ही हलत नाही, मग दमता कशाने?"

अप्पांनी विचार केला. "वजनाने."

"वजन तर जमिनीवर ठेवलेल्या बादलीचंही असतं, जमीन कुठे दमते?" वृंदा हसली. "आपल्या स्नायूत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे असतात. जाड धाग्यांना असंख्य बारीक आकडे असतात. ते बारीक धाग्यांना पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात. प्रत्येक पकडीला शक्ती लागते. वरून तुम्ही स्वस्थ उभे, पण आत पकडापकडी चाललेलीच. म्हणून दमता. तिसरीचं तसं नाही. ती एकदा जोर लावून शिंपले मिटते, आणि मग तिच्या स्नायूतलं एक लांबलचक प्रथिन जाड धागा आणि बारीक धागा एकमेकांना जखडून टाकतं. पुढे ओढायची गरजच नाही. आपण दार जोराने लावतो, अडसर सरकवतो आणि झोपायला जातो, दाराला टेकून रात्रभर उभे राहत नाही. तसं."

"आम्ही तरी बांधायचो तशी," अप्पा म्हणाले. "दोर हातात धरून बसायचं नाय, खुंट्याला अडकवायचा."

"अगदी तशी."

"मग ती उघडते कशी? अडसर काढतो कोण?"

"तिला दोन प्रकारच्या नसा असतात. एक नस 'मीट' म्हणून सांगते. दुसरी नस एक द्रव सोडते, त्याने जखडलेले धागे मोकळे होतात. आपल्याला ही दुसरी नस नाही. म्हणून ते प्रथिन मी सुईने माणसाच्या स्नायूत बसवलं आणि दुसऱ्या नसेचं काम गोळीवर सोपवलं. हात किंवा खांदा एकाच जागी थोडा वेळ ताठ राहिला की अडसर बसतो. चालत्या पायांवर बसत नाही, कारण ते हलत राहतात."

अप्पांनी ती तिसरी आईच्या टोपलीत परत टाकली आणि इतका वेळ जे विचारायचं टाळलं होतं ते विचारलं. "ती सुई खांद्यात देता येते?"

आता अप्पांचा खांदा म्हणजे काय ते सांगायला हवं.

तिवरखोलची देवी पावणाई. शिमग्यात तिची पालखी देवळापुढच्या सहाणेवरून, म्हणजे दगडी चौथऱ्यावरून, निघते आणि दिवसभर वाडीवाडीतून, अंगणाअंगणातून फिरते. पालखीच्या दांड्याला पुढे दोन आणि मागे दोन असे चार खांदे लागतात, आणि ते चार मान चार घरांचे. पुढचा डावा खांदा तोडणकरांचा. सहाणेवरून उचलायची मानकऱ्याने. तो दमला की मोठ्याने म्हणतो, "दमलो," आणि शेजारून चालणारा कुणीही चटकन दांड्याखाली खांदा घालतो. अशी दिवसभर बदलाबदल चालते. मुंबईहून खास सुट्टी काढून आलेली पोरं त्या एका शब्दासाठी कान टवकारून पालखीसोबत पळत असतात. दुसऱ्याचा खांदा मागून मात्र घ्यायचा नाही. जेवत्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलावी तितकं ते वाईट. देणाऱ्याने दमलो म्हणायचं आणि मगच घेणाऱ्याने घ्यायचं.

आणि मानकऱ्याने आपल्या स्वतःच्या अंगणात आपल्या मुलासमोर दमलो म्हटलं की मान कायमचा मुलाकडे गेला. अप्पांना तो असाच मिळाला होता. गेल्या साली गावकीने बसून ठरवलं की मुलगा नसेल तिथे मुलीला मान द्यायचा. शास्त्रार्थ वगैरे कुणी काढला नाही. गावात माणसंच कमी उरली होती.

एक नियम मात्र जुना आणि कडक होता. खांद्यावर देवी असेपर्यंत तोंडातून आत काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि तोंडातून खोटा शब्द बाहेर येता कामा नये. वृंदाने हे लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ केलं होतं.

गेल्या शिमग्यात अप्पांनी पालखी उचलली आणि पहिल्या वळणावरच्या उंडीच्या झाडाखाली त्यांना दमलो म्हणावं लागलं. आपलं अंगण तिथून कितीतरी लांब होतं. पाय शाबूत होते, खांद्यानेच दगा दिला. कुणी काही बोललं नाही, पण ते न बोलणंच अप्पांना लागलं. पुढे कित्येक दिवस ते उंडीच्या झाडाकडचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने देवळात जात होते.

"यंदा मी म्हातारा झालो म्हणून तुला देणार, त्यात काय राहिलं?" अप्पा म्हणाले. "मला एकदा पुरा खांदा देऊ दे. सहाणेपासून आपल्या अंगणापर्यंत. अंगणात आलो की दमलो म्हणतो आणि तुला देतो. शब्द."

वृंदाला तो खांदा हवा होता. नुसता हवा नव्हता, लहानपणापासून हवा होता. दहा वर्षांची असताना तिने लाकडी फळी खांद्यावर घेऊन परसात सराव केला होता आणि आईचा मार खाल्ला होता. या वयात सुई नको, हाडांवर ताण येईल, असं काहीतरी ती अप्पांना सांगू शकली असती आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण नाही म्हणताना आपण शास्त्रज्ञ म्हणून बोलतो आहोत की वारस म्हणून, हे तिला ठरवता येईना. म्हणून तिने अप्पांची हाडं तपासून घेतली, ती ठणठणीत निघाली, आणि तिने खांद्यात, मानेत आणि पाठीत सुया दिल्या.

ही बातमी तिवरखोलात सकाळी कळली आणि दुपारी उरलेले तिन्ही मानकरी बाह्या वर करून पडवीत हजर झाले. एकटा दत्ताराम ताठ चालणार आणि आपण वाकून, हे त्यांना कसं चालेल? वृंदाने त्यांनाही तपासून सुया दिल्या. शेवटी स्वतःच्या खांद्यातही एक दिली. मान मिळाल्यावर पहिल्याच साली उंडीखाली दमायची तिची तयारी नव्हती.

आई दारात उभी राहून बघत होती. "तू दमलीस की मी हां," ती म्हणाली. "इतकी वर्षं ओट्या भरल्या. एकदा माजाही खांदा लागू दे देवीला."

"मग बस वाट बघत," वृंदा हसून म्हणाली. "मला अडसर आहे. मी कसली दमते आता?"

आईही हसली.

शिमग्याच्या दिवशी पालखी निघाली ती बघण्यासारखी. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आणि चार म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर देवी इतकी सरळ चालली होती की पालखीतला नारळ जागचा हलला नाही. उंडीचं झाड आलं. अप्पांनी झाडाकडे मान वळवून बघितलं, त्यांना मान पूर्ण वळवता येत नव्हती कारण तिथेही अडसर बसला होता, पण डोळ्यांनी जेवढं बघता येईल तेवढं बघितलं आणि ढोलवाल्यांना सांगितलं, "जरा इथं जोरात वाजवा रे."

अंगणाअंगणात ओट्या भरत पालखी तोडणकरांच्या अंगणात आली. आई खण, नारळ, तांदूळ घेऊन उभी होती. वृंदाने नवा टॉवेल घडी करून डाव्या खांद्यावर ठेवला होता. ओटी भरून झाली. ढोल थांबले. पालखीसोबत चालणाऱ्या गुरवकाकांनी हात वर केला, म्हणजे आता मान द्यायची वेळ झाली.

अप्पा दांड्याखालून सरकायला गेले. खांदा सरकला नाही. दांड्यावरून घेतलेला हातही सुटेना.

"अडसर बसलाय," अप्पा म्हणाले. "बाय, गोळी."

वृंदाने सवयीने डबी उघडली, गोळी काढली आणि अप्पांच्या तोंडाजवळ नेली. अप्पांनी सवयीने तोंड उघडलं.

"थांब," गुरवकाका म्हणाले. "काय घालतेस त्याच्या तोंडात?"

वृंदाचा हात तसाच राहिला. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि पाठोपाठ सगळेच हसू लागले. गावातल्या प्रत्येकाला नियम ठाऊक होता. गावातल्या प्रत्येकाच्या खिशात सोडगोळी होती. चौघांना सुया दिल्या तेव्हा अर्धा गाव पडवीत जमला होता. पण गोळी तोंडाने घ्यायची असते आणि देवी खांद्यावर असताना तोंडाने काही घेता येत नाही, या दोन गोष्टी कुणी एकमेकींशेजारी ठेवूनच बघितल्या नव्हत्या. गोळीशिवाय खांदा सुटत नव्हता आणि खांदा सुटल्याशिवाय गोळी घेता येत नव्हती. अप्पा उघडं तोंड मिटायचं विसरून उभे होते.

मग चर्चा सुरू झाली. तिवरखोलात चर्चेला माणसं कधी कमी पडत नाहीत.

"गोळीत साबुदाणा असेल तर उपासाला चालते," एकजण म्हणाला.

"हा उपास नाय. हा नेम हाय."

"नुसता वास घेतला तर?"

"सहाणेवर परत नेऊ या. देवी उतरली की खांद्यावर कुठे राहिली?"

"आणि बाकीच्या वाड्या काय करतील? त्यांच्या अंगणात सडा घालून बाया उभ्या हायत."

वृंदा तोवर सावरली होती. तिच्या पिशवीत सोडगोळीचंच औषध सुईने द्यायच्या स्वरूपात होतं. ज्यांना गोळी जिभेखाली धरता येत नाही अशा आजाऱ्यांसाठी ते वापरत. तिने बाटली गुरवकाकांना दाखवली. "ही दंडात टोचायची. तोंडाशी काही संबंध नाही."

गुरवकाकांनी बाटली उन्हात धरून बघितली, जणू आत नियम लिहिलेला असावा. मग मान डोलावली. "दंडातून आत गेलं तर तोंडातून गेलं असं नाय म्हणता येणार. चालेल." ढोलवाल्यांनी काठ्या उचलल्या. "पण आधी रीतीप्रमाणं होऊ दे. दत्ताराम, म्हण."

वृंदा अप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली, खांदा दांड्याला लागेल इतकी जवळ. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि थांबले.

"काय झालं?" गुरवकाकांनी विचारलं.

"कसं म्हणू?" अप्पा म्हणाले. "मी दमलो नाय."

लोक पुन्हा हसले. "अरे, नुसतं म्हणायचं. म्हण आणि मोकळा हो."

"खांद्यावर देवी हाय," अप्पा म्हणाले. "खोटं बोलू?"

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. गुरवकाकांनी बाटली वृंदाच्या हातात परत दिली. हा नियम त्यांनीच जन्मभर सांगितला होता.

"अप्पा," वृंदा हलक्या आवाजात म्हणाली, "जरासा तरी दुखत असेल. नीट बघा."

अप्पांनी डोळे मिटले. ते मनापासून शोधत होते हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांना शब्द पाळायचा होता. आधी खांदा झाला, मग मान, मग पाठ, मग कंबर. घर आवरताना हरवलेली वस्तू शोधावी तसे ते आपलं अंग कोपऱ्याकोपऱ्यातून तपासत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"नाय गो बाय. काय पण नाय. सकाळी उचलली तसाच हाय. तू केलंस ते झकास झालंय."

वृंदाला इतका आनंद कुठल्याही मानपत्राने झाला नव्हता, आणि त्याच वेळी तिला रडू येत होतं. ते तिने गुलाल डोळ्यांत गेल्यासारखं दाखवून पुसलं.

"पुढच्या अंगणापर्यंत जातो," अप्पा म्हणाले. "मध्ये दमलो की हाक मारतो. तुज्यासाठी आपल्या अंगणात परत आणतो पालखी, गावाला सांगून. तू पाठोपाठ ये हां. लांब जाऊ नको."

ते खरंच तसं समजत होते. आपण आता कधीतरी दमू, माणूस दमतोच, अशी त्यांची खात्री होती. अडसर बसलेला खांदा आज दमणार नाही, आणि पुढच्या शिमग्यालाही दमणार नाही, हे त्या अंगणात एकट्या वृंदाला ठाऊक होतं. तिने बाटली पिशवीत ठेवली.

ढोल वाजले, पालखी निघाली. टॉवेलाची घडी खांद्यावर घेऊन वृंदा पाठोपाठ चालू लागली. दर अंगणात गुरवकाका चौघांना विचारत, चौघे डोळे मिटून आपापलं अंग तपासत आणि खरं तेच सांगत. दमलो नाय. मागून येणाऱ्या पोरांचे कान सुरुवातीला टवकारलेले होते. दुपारनंतर ती आपसात गप्पा मारू लागली. मग एकेक जण सावलीला बसला. एकाने वृंदाला विचारलं, "ताई, यांचा अडसर कधी उतरतो?" ती म्हणाली, "गोळी घेतली की." त्याने मान डोलावली आणि घड्याळात बघितलं. त्याची मुंबईची गाडी संध्याकाळची होती.

आई तिच्या शेजारून चालत होती. ओटीचं रिकामं ताट तिने काखेत धरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तू दमलीस की मी, म्हटलं होतं ना तुला." तिच्या आवाजात राग नव्हता, गंमतच होती. पण आपण तिला दिलेलं उत्तर वृंदाला आठवलं, आणि आपल्याही खांद्यात तीच सुई आहे हे आठवलं.

सूर्य कलायच्या सुमाराला पालखी सहाणेवर उतरली. चौघांनी देवीला मनोमन नमस्कार करून गोळ्या घेतल्या, हात सुटले, गाव टाळ्या वाजवत राहिला. दिवसभरात देवीचा खांदा एकदाही बदलला नाही, असं तिवरखोलात पूर्वी कधी झालं नव्हतं. सगळे कौतुक करत होते आणि ते खरंच कौतुक करण्यासारखं होतं. पावणाई कशी ऐटीत फिरली, एकदा हिंदकळली नाही. शेजारच्या गावचे दोघे-तिघे वृंदाला बाजूला घेऊन विचारून गेले, आमच्या मानकऱ्यांना कधी देता सुई? नंतर स्टँडवर मुंबईची गाडी लागली. तिच्यात चढणाऱ्या पोरांच्या सदऱ्यांवर गुलाल होता. दांड्याचा काळा तेलकट डाग मात्र यंदा एकाच्याही खांद्यावर नव्हता.

घरी अप्पा अंघोळ करून ओटीवर बसले. "अंग कसं हलकं वाटतंय," ते म्हणाले. "बाय, यंदा राहिलं. पुढच्या साली दमतो बघ नक्की." आणि पाहुण्यांशी उंडीच्या झाडाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

आत आई पुरणपोळ्या लाटत होती. सकाळी पालखीच्या आधी निम्म्या झाल्या होत्या, आता पाहुण्यांच्या पंगतीसाठी उरलेल्या. तिने एक पोळी तव्यावर टाकली, कमरेवर हात ठेवला आणि लाटणं वृंदापुढे केलं.

"दमले गो बाय. घे जरा."

वृंदाने लाटणं घेतलं. आई पाटावर टेकली, पाय लांब केले आणि लेकीच्या हाताकडे बघत राहिली. "कड जाड राहते तुजी," ती म्हणाली. "बोटाने दाबून बघ आधी. हां, तशी." वृंदाने कधी नव्हे ती कडेपर्यंत पुरण गेलेली पोळी लाटली. आज दिवसभरात या गावात तो शब्द पुढे 'नाय' न लागता आपण पहिल्यांदाच ऐकला, हे तिच्या लक्षात आलं.

ओटीवरून अप्पांनीही तो ऐकला होता. त्यांनी आत डोकावून मोठ्या मायेने सांगितलं, "बाय, तुज्या आईला पण टोच ती सुई. कमरेत. जन्मभर राबली बिचारी, तिने का दमायचं?"

"खरंच टोच गो," आई म्हणाली. "उद्याच टोच. मग मीच लाटीन सगळ्या, तुला त्रास नको."

तव्यावरची पोळी फुगली. वृंदाने ती उलटली. औषध पिशवीत होतं, आईची हाडं चांगली होती, आणि नाही म्हणायला एकही शास्त्रीय कारण तिला सापडेना.